कुकर विकला कोणी?

ताई, नमस्कार. मी बार्शीची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, घरी आम्ही दोघंच. दिवाळीच्या सेलमध्ये मोबाइलवरून पाच लिटरचे दोन कुकर मागवले, एक घरात वापरायला आणि एक लातूरच्या भाचीला लग्नात आहेर म्हणून. ३,४९९ रुपयांचा कुकर १,३४९ ला, ६१ टक्के सूट! पैसे माल हातात आल्यावर रोख दिले. जुना कुकर चालू होता म्हणून नवा महिनाभर खोक्यातच राहिला. मग काढला. दोनदा वरण-भात नीट झाला. तिसऱ्या वेळी शिट्टी झालीच नाही, झाकणाच्या कडेनं वाफ सुटली आणि वरण भिंतीपर्यंत उडालं. मी देवघरात होते म्हणून बरं. ज्या अॅपवरून मागवले त्या कंपनीला कळवलं तर 'परत करण्याची मुदत सात दिवस होती, विक्रेत्याशी संपर्क साधा' एवढंच उत्तर आलं. विक्रेत्याचा फोन लागत नाही. इंटरनेटवर कंपनीचा म्हणून एक नंबर सापडला. तो माणूस मोबाइलमध्ये एक अॅप घ्या, क्यूआर स्कॅन करा म्हणू लागला, तेव्हा शेजारच्या मुलीनं फोन बंद करायला लावला. मुलगा पुण्याहून म्हणतो, 'आई, अडीच हजारासाठी डोकं लावू नकोस.' गावातल्या भांड्यांच्या दुकानात चांगला कुकर १,६५० ला होता, ते दुकानदारही आता बोलून दाखवतात. पैसे मिळतील का, की सोडून देऊ? आणि यापुढे ऑनलाइन घेणं बंदच करू का?

— एक वाचक, बार्शी

प्रिय ताई,

पैशांचं नंतर बोलू. हे वाचून झालं की आधी लातूरला फोन करा आणि भाचीला सांगा, तो कुकर वापरू नकोस. तुमच्या पत्रात तिच्या कुकरचा उल्लेख एकदाच येतो, पुढे तो विषयच नाही. दोन्ही कुकर एकाच ऑर्डरमधले, एकाच विक्रेत्याचे. तुमच्याकडे जे झालं ते तिच्या ओट्यावरही होऊ शकतं, आणि सकाळच्या घाईत ती कुकरपाशीच उभी असणार. आपणच दिलेला आहेर वापरू नको म्हणायला जीव धजत नाही, तिच्या सासरी काय वाटेल हेही मनात येतं, मला कळतं. पण कारण सरळ सांगा. आमच्या कुकरची वाफ कडेनं सुटली, तुझाही त्याच मालातला आहे, मी तुला दुसरा देते. एवढं ऐकून कोणी वाईट वाटून घेणार नाही. फक्त तो कुकर भंगारात देऊ नको म्हणावं, आणि खोकं असेल तर तेही ठेवून दे म्हणावं. तो पुरावा आहे.

तुमचाही कुकर आता गॅसवर चढवू नका. रबरी रिंग बदलून बघू, व्हॉल्व्ह बदलून बघू असं कोणी सुचवेल. ते करू नका. एकदा सुटा भाग बदलला की काय बिघडलं होतं हे पुढे दाखवता येत नाही.

आता कुकर उजेडात धरा आणि झाकण, दांडा, बूड नीट न्याहाळा. तुम्ही पत्रात आयएसआय चिन्हाबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. खरं चिन्ह एकटं नसतं. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी तो 'आयएस २३४७', आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि बारीक असतं, भिंग घ्या. नुसतं चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, तर शंका घ्यायला जागा आहे. क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं अॅप आहे, त्यात तो टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही ते दिसतं. खोक्यावरचं नाव एक आणि परवाना भलत्याच्याच नावावर, असंही निघू शकतं. तसं निघालं तर त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. त्याच अॅपमधून ब्युरोकडे तक्रारही करता येते.

हे एवढं बारकाईनं का बघायचं? घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. त्यानंतर बिनचिन्हाचा कुकर विकणंच बेकायदेशीर ठरतं. मग विषय 'माल आवडला नाही, परत घ्या' एवढ्यावर राहत नाही. जे विकायलाच नको होतं ते तुम्हाला विकलं, असा तो होतो.

आणि इथेच तुमच्या पत्रातला खरा प्रश्न येतो, तो तुम्ही शब्दांत विचारलेला नाही. तुम्ही ज्या अॅपवर बोट ठेवून कुकर घेतला ती कंपनी म्हणते, विक्रेत्याशी बोला. विक्रेता सापडत नाही. मग कुकर विकला कोणी?

कंपनीची बाजू आधी ऐकून घेऊ. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीला आपल्याकडे स्वतःचा माल ग्राहकाला थेट विकता येत नाही. तिनं फक्त बाजारपेठ चालवायची, माल दुसऱ्या विक्रेत्यांचा, असं थेट परदेशी गुंतवणुकीचं धोरण आहे. म्हणून वस्तूच्या पानावर खाली कुठेतरी 'सोल्ड बाय' लिहून एक नाव असतं, आणि बिलही त्याच नावाचं येतं. आम्ही म्हणजे आठवडी बाजारातली नगरपालिका, जागा देतो, गाळ्यात कोण काय विकतं त्याला आम्ही जबाबदार नाही, असा त्यांचा एकूण सूर असतो. पण ताई, नगरपालिका कुणाचा माल आपल्या गोदामात ठेवत नाही. आपल्या नावाची चिकटपट्टी लावलेलं खोकं घेऊन आपला माणूस तुमच्या दारात पाठवत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे आधी स्वतः घेऊन, त्यातलं कमिशन कापून उरलेले विक्रेत्याला देत नाही. आणि कोणता कुकर तुम्हाला पहिल्या ओळीत दिसावा हे तर मुळीच ठरवत नाही. ऑनलाइन कंपनी यातलं बरंच काही करते.

हा वाद नेमका कुकरवरूनच झालेला आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं, कोणाच्या तक्रारीची वाट न बघता, अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांवर कारवाई केली. सक्ती लागू झाल्यानंतर बिनचिन्हाचे २,२६५ कुकर अॅमेझॉनवरून विकले गेले होते, फ्लिपकार्टवरून ५९८. दोघींना प्रत्येकी एक लाख रुपये दंड झाला, आणि दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या सगळ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या आणि पैसे द्या, असा आदेश निघाला. या कुकरांच्या विक्रीतून अॅमेझॉनला ६,१४,८२५ रुपये शुल्क मिळालं होतं, हे कंपनीनंच मान्य केलेलं होतं. प्राधिकरणाचं म्हणणं असं की प्रत्येक विक्रीवर कमाई करायची आणि वस्तू वाईट निघाली की अंग काढून घ्यायचं, हे चालणार नाही. अॅमेझॉननं या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, म्हणजे कंपन्या आपली बाजू सहजासहजी सोडत नाहीत हेही लक्षात ठेवा. पुढे मार्च २०२५ मध्ये मानक ब्युरोनं दिल्लीत अॅमेझॉनच्या गोदामावर छापा घातला, तेव्हा योग्य चिन्ह नसलेल्या साडेतीन हजारांहून जास्त वस्तू जप्त झाल्या, गिझर आणि मिक्सरसुद्धा. किंमत सुमारे ७० लाख. माल कोणाच्याही नावाचा असो, तो कंपनीच्याच छपराखाली होता. (तुमच्या पत्रातल्या कंपनीचं नाव मी इथे दिलेलं नाही, आणि ही उदाहरणं म्हणजे तिच्याबद्दलचा निष्कर्ष नव्हे.)

म्हणून माझं म्हणणं असं: न लागणाऱ्या त्या फोनच्या मागे लागू नका. पत्र कंपनीला लिहा, आणि चॅटवर नको. चॅटमध्ये यंत्र उत्तर देतं, मग एक मुलगा 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणतो आणि तुमचं प्रकरण बंद झाल्याचा संदेश येतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क अॅपवर जाहीर करावा लागतो. तो सहजी दिसत नाही, अगदी तळाशी, अटी-शर्तींच्या आसपास शोधा. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते.

सात दिवसांच्या मुदतीनं तुम्ही खचून गेलात असं पत्रावरून वाटतं. ती मुदत कंपनीनं स्वतःच्या सोयीनं ठरवलेली आहे. याच नियमांत विक्रेत्यासाठी लिहिलं आहे की वस्तू सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसेल, तर त्यानं ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार द्यायचा नाही. त्या वाक्यात सात दिवस कुठेही नाहीत. आणि ग्राहक आयोगाकडे जायला कायदा दोन वर्षं देतो. दुसरी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते: ग्राहकानं लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, ईमेल आणि संपर्काची बाकी माहिती कंपनीला द्यावीच लागते.

पत्र लिहिण्याआधी तयारी. अॅपमधल्या तुमच्या ऑर्डरमध्ये जाऊन बिल उतरवून घ्या, त्यावर विक्रेत्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक असतो. कुकरच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच घ्या. तक्रार गेली की अशी पानं गायबही होतात. खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा, उत्पादकाचं नाव-पत्ता, छापील किंमत, चिन्ह असायला हवं ती जागा. भिंतीवरचा डाग अजून पुसला नसेल तर त्याचाही. मग असं लिहा, मराठीत लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त ऑर्डर क्रमांक इंग्रजी अंकांत जसाच्या तसा उतरवा:

'अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकाने मी तुमच्या अॅपवरून पाच लिटरचे दोन प्रेशर कुकर घेतले, एकूण रक्कम २,६९८ रुपये. अमुक तारखेला त्यातल्या एका कुकरच्या झाकणाच्या कडेने वाफ व अन्न जोरात बाहेर उडाले. कोणाला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. दोन्ही कुकर वापरातून काढले आहेत व तपासणीसाठी जपून ठेवले आहेत. कुकरवर आयएसआय चिन्ह नाही. घरगुती प्रेशर कुकरला ते १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार दोन्ही कुकर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, विक्रेत्याची संपूर्ण माहिती लेखी कळवावी आणि हा कुकर विक्रीतून काढावा. बिल व फोटो सोबत जोडले आहेत.'

चिन्हाबद्दलचं वाक्य कुकर तपासून मगच ठेवा. चिन्ह खरं निघालं तर ते वाक्य गाळा आणि त्याच पत्राची प्रत खोक्यावरच्या उत्पादकालाही पाठवा. पत्रात रागाचे शब्द नकोत, तुमचं दुखणं कितीही खरं असलं तरी. तुम्ही शिक्षिका होता, मुद्द्याचं पत्र कसं असतं हे मी सांगायला नको.

चिरंजीवांना काय सांगायचं? त्यांना तुमची काळजी आहे, आणि वेळेला किंमत असते हेही खरं. पण हे एका संध्याकाळचं काम आहे. तो कुकर आजही त्या अॅपवर असेल, आणि उद्या कोणीतरी सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन त्याच्यापाशी उभी असेल. तुमच्या पत्रातली शेवटची मागणी, विक्रीतून काढा ही, तिच्यासाठी आहे. उलट चिरंजीवांनाच सांगा, मला तो अधिकारी शोधून दे आणि फोटो जोडून ईमेल पाठवून दे. पुण्याहूनही होतं ते.

पोच आली नाही किंवा उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर १९१५ ला फोन लावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते न्यायनिवाडा करत नाहीत, पण तुमची तक्रार कंपनीपर्यंत नेतात आणि पाठपुरावा करतात. बऱ्याच वेळा तेवढ्यानं कंपनी जागी होते. मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असो की आणखी कुठे, २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत, माल प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर पाच. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्या तयारीनंच जा.

पैसे मिळतील का? बिल हातात आहे, दोन्ही कुकर आहेत, आणि चिन्ह नसेल तर कायदा सरळ तुमच्या बाजूनं आहे. मिळण्याची शक्यता चांगली आहे असं मला वाटतं. खात्री मी देणार नाही.

आता तो क्यूआरवाला माणूस. शेजारच्या मुलीनं तुमची ठेव वाचवली, तिला हे नक्की सांगा. तुम्ही रोख पैसे दिले होते, त्यामुळे परतावा बँक खात्यात यायला हवा, आणि नेमकी हीच गोष्ट अशी माणसं हेरतात: 'मॅडम, पैसे टाकतो, हा कोड स्कॅन करा.' पैसे घेण्यासाठी कधीच काही स्कॅन करावं लागत नाही, यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. खाते क्रमांक द्यायचा तो अॅपच्या आत, ऑर्डरच्या पानावर. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधायचाच नाही, तोही अॅपमधूनच घ्यायचा. एक विचारते: त्यानं सांगितलेलं अॅप तुम्ही घेतलं होतं का? घेतलं असेल तर आत्ता काढून टाका आणि बँकेत जाऊन सांगून ठेवा. खात्यातून काही गेल्याचं दिसलं तर क्षणभरही न थांबता १९३०, सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक.

शेवटचा तुमचा प्रश्न, ऑनलाइन घेणं बंद करू का. नको. तालुक्याच्या गावी हव्या त्या मापाचा गुडघ्याचा पट्टा, एखादं पुस्तक, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या घरपोच मिळतात, ही सोय उतारवयात लहान नाही. मात्र ज्यात दाब आहे, वीज आहे, गॅस आहे किंवा जे पोटात जातं, ते अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, मग किती का स्वस्त असेना. घ्यायचंच तर 'सोल्ड बाय' पुढचं नाव वाचा, चिन्हाचा आणि परवान्याचा फोटो पानावर आहे का बघा. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या वस्तूंवर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं. ती पैसे भरून मिळवलेली जागा असते, गुणवत्तेनं नव्हे. पाच तारे देणाऱ्यांपेक्षा दोन-तीन तारे देऊन फोटोसकट लिहिणाऱ्यांचं आधी वाचा.

आणि ती ६१ टक्के सूट. छापील किंमत म्हणजे त्याहून जास्तीनं विकता येणार नाही एवढाच तिचा अर्थ; त्या किमतीला कुणी कधी घेतलं असेलच असं नाही. ३,४९९ छापून १,३४९ ला विकलं की सूट डोळ्यांत भरते. तुलना गावातल्या भावाशी करायला हवी होती, म्हणजे १,६५० शी. तीनशे रुपयांचा फरक. 'फक्त दोन शिल्लक', उलटं पळणारं घड्याळ, न विचारता टोपलीत टाकलेली जास्तीची वस्तू, असल्या क्लृप्त्यांचे तेरा प्रकार सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून मना केले आहेत. तरीही त्या दिसतात. घड्याळ पळताना दिसलं की मोबाइल बाजूला ठेवा, सकाळी परत बघा. आणि आलेलं खोकं त्याच दिवशी उघडायचं, आहेराचंसुद्धा. उघडताना कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला लावा, खोक्यावरचा पत्त्याचा कागद त्यात दिसू द्या.

भांड्यांच्या दुकानदारांचं बोलणं लागलं असेल तुम्हाला. त्यांचीही एक सल आहे. मोठ्या कंपन्या काही ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप देतात, भरमसाट सुटी देऊन भाव पाडतात, अशी व्यापाऱ्यांची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेली आणि आयोगानं जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन-फ्लिपकार्टची चौकशी लावली. गावातल्या दुकानाला ती स्पर्धा रोज सोसावी लागते. पुढचा कुकर त्यांच्याकडून घ्या, रिंग-शिट्टी बदलायला माणूस जवळ असतो, याचं मोल मोठं आहे. फक्त त्यांच्याकडेही पक्कं बिल मागा, कुकर काउंटरवरच उलटा करून चिन्ह आणि खालचा क्रमांक बघा. बिनचिन्हाचे कुकर दुकानांतही मिळतात, आणि कायदा त्यांनाही तोच आहे.

तुमची,
ताई